पडद्यावरची हिरवळ

नोएडाच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ रंगांचे भारी शौकीन! त्यांची बॅकअपची आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, चालू झाली की काळ्या पडद्यावर रंगपंचमीच: काम झालं की अक्षरं हिरवी, बिघडलं की लाल.

मोठे साहेब यायचे होते त्या सकाळी पडदा लालभडक! आम्हा सगळ्यांच्या कामाचा बॅकअपच होत नव्हता.

"अहो, दुरुस्त करा ना!" मी कळवळलो.

"साहेब वाचतात कुठे यार? रंग बघतात," म्हणत त्यांनी स्क्रिप्टमधला लाल रंगासाठीचा आकडा खोडून हिरव्याचा टाकला.

साहेब आले. 'बॅकअप फेल' अशा हिरव्यागार ओळी पाहून प्रसन्न झाले. "बिल्कुल बढिया!" म्हणत त्यांनी सगळ्या शाखांचे बॅकअप यांच्याकडेच सोपवले.

मी जोरात टाळ्या वाजवल्या आणि जागेवर जाऊन माझं काम मुकाट्यानं फ्लॉपीवर उतरवू लागलो.