न्हाणीघरातली नागवेल

दाढीसाठी आरशावरची वाफ पुसली आणि मागच्या खिडकीतल्या कुंडीत नवं पान दिसलं. पोपटी, अजून पुरतं न उलगडलेलं! मी ब्रश हातात घेऊनच वळलो.

ही नागवेल माझ्या बायकोने, सुमनने कोकणातून, माहेराहून आणलेली. सुमन गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. नाशिकच्या थंडीत वेलीची पानं काळवंडून गळू लागली, तेव्हा घाबरून मी सासूबाईंना फोन केला. "जावईबापू, आमच्याकडे ती न्हाणीच्या कडेलाच वाढते. तिला वाफ द्या," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी मी दार लावून वेलीसाठी कढत पाणी सोडतो आणि स्वतः दोन तांबे घाईने ओतून बाहेर पडतो.

आज तोंडाला फेस तसाच ठेवून फोन लावला.

"आई, पान आलं!"

"किती?"

"एकच."

"मग ओरडता काय एवढे? मला वाटलं, घरात साप निघाला!" मग त्यांनीच विचारलं, "रंग कसा आहे हो?"

मी पुन्हा जवळ जाऊन पाहिलं. "पोपटी. आणि चकाकतंय."

"पोपटीच असायला हवं," त्या हळूच म्हणाल्या.

वेलीला ऊब हवी, हे मला एका फोनवर पटलं होतं. माणसालाही ती लागते, हे मात्र इतके महिने सुचलं नव्हतं.

फोन ठेवला तोवर बादलीतलं पाणी निवलं होतं. मी पुन्हा कढत पाणी सोडलं आणि सावकाश आंघोळ केली.