हुंकार बदलला

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. लोक हसतील म्हणून नाही. हे सांगायचं तर त्यासोबत मी काय केलं तेही सांगावं लागतं, म्हणून. आता सत्तरी उलटली... भूतखेत, करणी यांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला. मशीनमध्ये घालाल तेवढंच बाहेर येतं, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत असे.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. प्रमिला नावाची विद्यार्थिनी माझ्याकडे पीएचडी करत होती. विषय — कॉम्प्युटर गेममधली कृत्रिम बुद्धिमत्ता. खेळणाऱ्याप्रमाणे स्वतः बदलत जाणारी गोष्ट. बाहेरच्या देशांतल्या पेपरांमध्ये खेळणारा पर्याय निवडायचा: डावीकडे जा, उजवीकडे जा. प्रमिला म्हणाली, "सर, आमच्या गावाले, कोंढ्याले, असं नाई राहत. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधावर जेवणं झाली का माझी मावशी गोष्ट सांगते. ऐकणारा निस्ता 'हं' म्हणते. हुंकार नाई आला तं मावशी पुढं जातच नाई. अन् हुंकारावरूनच तिले समजते — हा भ्याला, हा कंटाळला, हा झोपला."

तिने तेच मशीनला शिकवलं. पडद्यावर गोष्टीचं एक वाक्य यायचं, ऐकणाऱ्याने 'हं'ची कळ दाबायची. कळ दाबायला किती वेळ लागला, यावरून पुढचं वाक्य ठरायचं. वाक्यं सगळी मावशीची, प्रमिलाने तिच्या गोष्टी टेप करून, त्या ऐकून एका फाइलमध्ये टाइप केलेली. त्या फाइलबाहेरचा एक शब्दही मशीन बोलू शकत नव्हतं. इतकी साधी, इतकी सुंदर कल्पना मी नंतर कुठेच पाहिली नाही.

म्हणूनच बहुधा मला ती माझी असावीशी वाटली.

कॉलेजात चर्चासत्र ठरलं, नागपूरहून पाहुणे येणार होते. छापलेल्या पेपरवर एकच नाव होतं — माझं. चर्चासत्राच्या सकाळी प्रमिलाने ते पाहिलं.

"सर, माझं नाव?"

"पुढच्या पेपरात टाकू. तू जरा पाहुण्यांच्या चहाचं बघ."

"चहावर तरी टाकजा मंग," ती म्हणाली. हसून म्हणाली... ते हसणं अजून डोळ्यांपुढे आहे.

साडेअकराला भरल्या हॉलमध्ये मी मशीनसमोर बसलो. तोवर लोकांसमोर कळ नेहमी प्रमिलाच दाबायची. त्या दिवशी मी दाबली. चार वाक्यं बरोबर आली — तलाव, तलावाची पाळ, पाळीवर बसलेली बाई. पाचव्यांदा कळ दाबली आणि पडद्यावर आलं:

हुंकार बदलला. पहिली कुठी गेली?

हॉल हसला. पाहुण्यांना तो गोष्टीचाच भाग वाटला. प्रमिला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा माझ्याइतकाच पांढरा पडला होता — ते मी तेव्हा पाहिलं होतं, हे आज कबूल करतो. मी पुन्हा कळ दाबली. तेच वाक्य. पुन्हा तेच. शेवटी वायरच उपटली.

"तूच घुसवलंस ना ते?" केबिनमध्ये मी विचारलं.

"मी कायले घुसवू, सर? तीन वर्षांपासून करून राहिली. आपल्याच कामाची माती करू का?"

"मग काय मावशी आली होती टाइप करायला?"

त्याच दिवशी तिच्या प्रगती-अहवालावर मी 'असमाधानकारक' लिहून सही केली. पुढे तिची पीएचडीची नोंदणी रद्द झाली.

आठवड्याने मी फाइल उघडली. ओळ न् ओळ वाचली. प्रोग्रॅम कागदावर काढून वाचला. ते वाक्य नव्हतं. फाइलमधला शेवटचा बदल दोन महिन्यांपूर्वीचा होता आणि त्यानंतर मी स्वतः ती तपासली होती. मशीन नेटला जोडलेलं नव्हतं. टेप ऐकल्या — मावशीच्या तोंडीही ते वाक्य कुठे नव्हतं. कितीदा तरी चालवून पाहिलं, पुन्हा कधीच आलं नाही. माझा हात प्रमिलापेक्षा हळू होता, तेवढं मशीनला कळलं असेल, मान्य. पण ते वाक्य आलं कुठून?

प्रमिलाचा त्यात दोष नव्हता, एवढं मात्र तेव्हाच कळलं. विद्यापीठाला एक पत्र लिहिलं असतं तर तिची नोंदणी परत झाली असती. पण मग पेपरवरच्या नावाचंही लिहावं लागलं असतं. मी लिहिलं नाही.

गेल्या वर्षी कळलं, लाखनीला हायवेवर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. गेलो. माझ्या हातात तोच पेपर होता.

"अरे, सर! बसा न. कित्ते वाळले जी तुम्ही!" तिने स्टूल पुढे केलं, माझ्या हातातला कागद घेतला. वरचं नाव वाचलं की नाही, कळलं नाही. पाठमोरी होऊन तिने मशीनचं झाकण उचललं.

"प्रमिला," मी म्हणालो, "त्या दिवशी ते वाक्य..."

"हं," ती म्हणाली.

आणि थांबली. बाहेरून एक ट्रक गेला, मग दुसरा. झाकण तिच्या हातात तसंच वर होतं.

"दोन कॉपी काढ," मी म्हणालो.