सगुणामावशींची चार वाजताची पाहुणी

साठी ओलांडलेल्या बायकांना एका दिवसात झेपतील अशा सहली मी या ब्लॉगवर लिहिते. धरणं, लेणी, पायऱ्या कमी असलेली मंदिरं. यावेळची सहल वारजे ते हडपसर, म्हणजे पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची. वाटेत पाहण्यासारखं काही नाही. तरी लिहिते आहे, कारण तुमच्यापैकीही कुणाचं एखाद्या घरी जाणं वर्षानुवर्षं राहून गेलं असेल.

आधी, मला का जायचं होतं ते. चोवीस वर्षांपूर्वी मी एका खाजगी हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. एका सकाळी एका म्हाताऱ्या पेशंटला इंजेक्शन देण्यासाठी मी पलंगाचा कठडा खाली केला आणि फोन वाजला म्हणून तसाच सोडून गेले. परत आले तर आजोबा फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं होतं. आजूबाजूचे पेशंट झोपेत होते. अंग पुसायची बादली कोपऱ्यात होती. मी ती उचलून पलंगाशी आणून ठेवली आणि मग ओरडले.

बादली सगुणामावशींची. त्या वॉर्डातल्या आया. कठडा त्यांनीच खाली ठेवला असणार, असं मी चौकशीत सही करून लिहून दिलं. आठवड्याभरात त्यांना काढलं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

मी ख्रिस्ती आहे. दर रविवारी मंडळीसोबत उभी राहून पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, म्हणते, इतका पाठ की म्हणताना डोक्यात भाजीची यादी चालते. या भस्म बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून घेताना मात्र मला काय झालं कोण जाणे. उपासना संपल्यावर मी थांबले आणि पाळकसाहेबांना सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवाला किती वेळा सांगितलंत?"

"रोज."

"आणि त्या बाईंना?"

बस्स. एवढंच बोलून ते दिवे बंद करायला गेले.

एका जुन्या सहकारी नर्सकडून पत्ता मिळाला. हडपसरला, कॅनॉलच्या कडेची वस्ती. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: दिवसभराचा बसपास काढा, ज्येष्ठांना सवलत आहे. स्वारगेटला बस बदला. तिथून डाव्या बाजूची खिडकी धरा, दुपारचं ऊन उजवीकडून येतं. पूलगेटला उतरलात तर कॅम्पातल्या बेकरीत ताजी खारी मिळते. मी उतरले. खारी घेतली आणि रस्ता ओलांडून चक्क परतीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. वारज्याकडे नेणाऱ्या दोन बस आल्या, दोन्ही सोडल्या. माझ्या डाव्या गुडघ्याचं तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय, तेव्हापासून तो पाय ओढत चालते. फार वेळ उभं राहवत नाही. शेवटी पाय दुखायला लागला, तेव्हा पुन्हा रस्ता ओलांडला आणि जी बस आधी आली तीत चढले. ती हडपसरची निघाली.

हडपसरच्या गाडीतळावर अडीच वाजता उतरले. तिथून शेअर रिक्षा. तिथल्या उड्डाणपुलाखालचा गोंगाट तुम्हाला माहीत आहेच, हॉर्नशिवाय कुणी श्वासही घेत नाही. पण रिक्षा कॅनॉलला वळली आणि आवाज मागे पडत पडत नाहीसाच झाला. वस्तीच्या तोंडाशी उतरले. गल्लीत दारं उघडी, आत पंखे फिरताहेत, माणूस दिसेना. धुळीनं ऊन पिवळं झालं होतं. आवाज म्हणाल तर माझ्या चपलेचा, एक नीट, एक घासत.

पुढे एक बाई खाटेवर कुरडया वाळत घालत होती. माझ्या घासत्या चपलेच्या आवाजावर तिनं मान वर न करताच थट्टेत विचारलं, "आज लवकर? चारला येता ना तुम्ही?"

"मी? मी पहिल्यांदाच येतेय."

आता तिनं वर पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, माझ्या पायाकडे. हातातली कुरडई तशीच धरून ती उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

सगुणामावशींचं घर शेवटचं. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर. एकीत मावशी, वाळून एवढ्याशा झालेल्या, दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे. दुसरी रिकामी. तिच्यासमोर स्टुलावर एक कप पालथा घातलेला.

"मावशी," मी म्हटलं.

त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "आज बोलताय व्हय सिस्टर? रोज नुसत्या बसून जाता."

माझ्या हातातली खारीची पिशवी खाली पडली. आवाज ऐकून आतून त्यांची सून स्वाती आली, हात कणकेनं भरलेले. मला पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. मग पुढे येऊन तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"गरम आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "बाई, तुम्ही खऱ्या आहात ना?"

तिनं सांगितलं ते असं. वर्षभर झालं, मावशी रोज चार वाजता म्हणतात, सिस्टर आल्या, खुर्ची द्या. उंच, अंगानं सडपातळ, डावा पाय ओढत येतात, बसतात, काही बोलत नाहीत, जातात. सगळ्या गल्लीला त्यांनी हे वर्णन सांगितलंय. दुसऱ्या कुणाला कधी काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

मी उंच आहे हे मावशींनी वॉर्डात पाहिलं होतं. पण तेव्हा माझा पाय धड होता. या पायाबद्दल त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. पत्ता देणाऱ्या मैत्रिणीला मी नंतर मुद्दाम फोन करून विचारलं. तिची आणि त्यांची दहा वर्षांत गाठ नाही.

मी त्या खुर्चीत बसले नाही. बसवेना. फरशीवर बसले आणि म्हणाले, "मावशी, ती बादली मी ठेवली होती. कठडाही माझ्याच हातून खाली राहिला."

"ठाऊक हाय," मावशी म्हणाल्या. "मी दारातच व्हते. बादली उचलताना बगितलं तुमाला."

"मग बोलला का नाहीत?"

"आयाचं कोन ऐकनार, सिस्टर?"

मग त्याच पुढे सांगू लागल्या. त्याही ख्रिस्ती. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही जशी इतरांना क्षमा केली, तशी आम्हाला कर' ही ओळ आली की त्या तोंड मिटून घ्यायच्या. तेवीस वर्षं. देवासमोर खोटं कशाला बोला? डोळे गेल्यावर एकदा, कशानं ते त्यांनाही कळलं नाही, ती ओळ तोंडातून निघून गेली. "त्याच दिशी दुपारी तुमी आला. म्हनलं, आता आल्यात तर बसू द्या."

मी रडत होते. मावशींना त्याचं फारसं काही वाटलं नाही. "रडनं ऱ्हाऊ द्या. नखं कापा माझी," त्या म्हणाल्या. "साखरेचा आजार हाय मला. ही पोरगी कापाया भिते."

स्वातीनं कोमट पाणी आणलं. मी त्यांचे पाय मांडीवर घेतले. नखं जाड, वाकडी, एक कातडीत घुसलेलं. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण हे काम आयांचं म्हणून मी क्वचितच हात लावला होता. हळूहळू एकेक नख कापत गेले. तिसऱ्या बोटाशी पोचले तेव्हा मावशींचा पाय ताठ झाला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

त्यांनी तोंड वर केलं. "स्वाते, त्या खुर्चीत कोन हाय बग."

खुर्ची बरोबर माझ्या पाठीशी होती. मला मान वळवता येईना. मानेवर गार काहीतरी टेकल्यासारखं वाटत होतं. पंखा असेल. स्वाती दारात उभी राहून माझ्या मागे पाहत होती, पापणी न हलवता.

"कुणी नाही आई," ती शेवटी म्हणाली. "रिकामी आहे."

"मग झालं." मावशींचा पाय माझ्या हातात सैल पडला. त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि हात ठेवला. "प्रभू, हिला सोड. मी सोडली."

वॉर्डात आणि आजही त्या मला अहोजाहो करत होत्या. "हिला" पहिल्यांदाच म्हणाल्या. वेदीवरून क्षमेची वचनं मी आयुष्यभर ऐकली, त्यांचा अर्थ मला त्या फरशीवर बसून लागला. क्षमा तिथे वर्षभर आधीच येऊन थांबली होती. उशीर माझाच होता.

स्वातीनं चहा दिला. लेंटचे, म्हणजे त्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस मी चहा सोडते. त्या दिवशी निमूट प्यायले. नाही म्हणायला मी कोण?

साडेपाचला मावशींचा मुलगा विजय कारखान्यातून आला. मी उभी राहून त्यालाही सगळं सांगितलं आणि घरून सही करून आणलेला कागद दिला, त्यात खरं काय घडलं ते आणि खाली माझा फोन नंबर होता. तो वाचून म्हणाला, "हॉस्पिटल कधीच बंद झालं. हा आता दाखवू कुणाला?"

त्यानं कागदाची घडी घातली.

"मी तेव्हा बारावीत होतो. परीक्षेला बसलोच नाही, कामाला लागलो. आईनं माफ केलं, तिचा अधिकार आहे. मी नाही केलेलं. चहा झाला असेल तर निघा, पुढे बसला गर्दी होते."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. पण कागद त्यानं परत दिला नाही.

गर्दी होतीच. स्वारगेटपर्यंत उभ्यानं आले, घरी पोचायला आठ वाजले. जातानाचं ओझं उतरलं का, असं कुणी विचारलं तर हो, उतरलं. त्या रात्री मी कित्येक वर्षांनी गोळीशिवाय झोपले. पण एका मुलाची राहून गेलेली परीक्षा काही उतरत नाही. ती माझ्याजवळ राहणार आणि राहावी. रविवारी पापांगीकार म्हणताना यादी आठवली नाही, एकेक शब्दाला धाप लागली.

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. विजय होता.

"आईनं निरोप द्यायला सांगितलाय," तो कोरडेपणानं म्हणाला. "चार वाजता आता कुणी येत नाही म्हणते. तिला करमत नाही."

"मी येऊ का?"

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. त्यानं फोन ठेवला नाही.

"मी फक्त निरोप दिला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "गाडीतळावरून रिक्षा करू नका, पाठीमागून पायवाट आहे. पाच मिनिटांची. सपाट आहे."