बापूकाकांचा फायनलचा बॉल

सांगावं की सांगू नये, या विचारात माझा चहा गार झाला. पण बंगळुरातल्या आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीत ही गोष्ट लिफ्टमध्येसुद्धा ऐकायला मिळते, मग तुम्हीच का मागे राहावं?

सुरुवात झाली सोसायटीच्या मीटिंगमध्ये. मागच्या मोकळ्या जागेत टेनिस कोर्ट करायचं ठरलं. गवताचं. म्हणजे प्लॅस्टिकच्या गवताचं. आमच्याकडे माणसांना पाणी टँकरनं येतं, गवताला कुठून घालणार?

मीटिंग संपल्यावर कॉफी आली आणि गप्पा सुरू झाल्या. इथे प्रत्येकाला आपलं गाव किती थोर होतं हे सांगायची फार हौस. एकाच्या पणजोबांच्या दारात हत्ती झुलायचा. दुसऱ्याच्या गावी म्हणे उन्हाळ्यातही धुकं पडायचं. मग मी तरी किती वेळ गप्प बसणार? मी बोलून गेलो, "आमच्या चिंचणगडला खऱ्या गवताचं टेनिस कोर्ट होतं. दरवर्षी टूर्नामेंट भरायची. माझे बापूकाका फायनल खेळलेत."

यात खोटं काही नव्हतं बरं का. फक्त मी जन्मायच्या आधीच ती टूर्नामेंट बंद पडली होती. आणि मी आयुष्यात रॅकेट धरली असेल तर ती डास मारायची.

पण आमच्या अध्यक्षा शैलजा हेगडे मॅडम एकदम पुढे सरकल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "इनामदार, तुमचं घराणं टेनिसचं, आणि तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?"

मी नम्रपणे हसलो. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी सोसायटीचा टेनिसतज्ज्ञ. लिफ्टमध्ये एकानं विचारलं, रॅकेटच्या तारा किती ताणायच्या? मी म्हणालो, "ते माणसाच्या स्वभावावर असतं." तो बिचारा विचारात पडला आणि आपला मजला चुकला. आठवड्याभरात कमिटीनं ठरवलं की पहिल्या स्पर्धेच्या चषकाला बापूकाकांचं नाव द्यायचं, आणि उद्घाटनाला मी चिंचणगडच्या टूर्नामेंटचा इतिहास सांगायचा.

आता इतिहास सांगायचा तर तो माहीत असायला हवा. मी गावी बापूकाकांना फोन लावला. ते खूष झाले. म्हणाले, "लिहून घे."

तर आमच्या संस्थानिकांना साहेबी खेळाची आवड. त्यांनी हरळी लावून कोर्ट केलं. जमीन सपाट करायला दगडी रोलर, तो ओढायला बैल, आणि खुरांनी गवत उखडू नये म्हणून बैलांना चामड्याचे बूट. गावात निम्मी माणसं अनवाणी, पण बैल बुटात. संस्थान गेलं तरी गावानं टूर्नामेंट चालू ठेवली. कोल्हापूर, सांगली, मिरजेहून खेळाडू यायचे आणि लोकांच्या घरी उतरायचे. ज्याला आदल्या दिवशी पुरणपोळीचं जेवण मिळेल तो दुसऱ्या दिवशी कोर्टवर सुस्तावून हरायचा. त्यामुळे गावचा खेळाडू पुढे गेला की समोरच्याचा पाहुणचार गाव वर्गणी काढून करायचं.

"मग काका, बंद का पडली?"

बापूकाका उसळले. "एका अंपायरनं बुडवली. फायनल होती माझी. बॉल रेषेवर पडला, सगळ्या गावानं बघितला. त्यानं आउट दिला. बाहेरगावचा कोणी चष्मेवाला होता."

मला याहून जास्त काय हवं होतं?

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. हिरवंगार प्लॅस्टिक उन्हात चमकत होतं. चषक टेबलावर, त्यावर बापूकाकांचं नाव. मी इंग्रजीत सुरू झालो. बैलांच्या बुटांवर लोक हसले, पुरणपोळीवर आणखी हसले. मग मात्र माझी गाडी सुटली. मी म्हणालो, "एका आंधळ्या अंपायरनं एका गावाचा इतिहास पुसून टाकला. असे अंपायर आजही आहेत. ते आपल्या ऑफिसात बसतात आणि आपलं अप्रेझल लिहितात." तरुण मंडळींनी शिट्ट्या वाजवल्या. मला जोर चढला. त्या माणसाचा चष्मा, त्याची अक्कल, त्याला खुर्चीवर बसवणाऱ्यांची अक्कल, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

पुढच्या रांगेतून एक हात वर झाला. आमच्या शेजारच्या विंगमधले जोगळेकर काका. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, अख्खी नोकरी बंगळुरात गेली, त्यामुळे मराठीतही कन्नड पेरतात. एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा माणूस.

"इनामदार, स्वल्प थांबा," ते म्हणाले. मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत, अगदी हळू बोलले. "तो अंपायर मी."

शिट्ट्या वाजवणाऱ्यांनी तोंडातली बोटं काढली.

जोगळेकर काका सांगत होते, "मी तेव्हा चिंचणगडच्या साखर कारखान्यात शिकाऊ होतो. बाहेरचा म्हणून मला खुर्चीवर बसवलं. बॉल चांगला वीतभर बाहेर होता. पण हे बापू इनामदार नेटजवळ मांडी घालून बसले, उठेचनात. मग सगळं गाव आत शिरलं. बॉल इथे पडला, नाही तिथे पडला, म्हणत प्रत्येकानं टाचेनं खूण केली. कोल्हापुरी चपलांच्या टाचा त्या. संध्याकाळपर्यंत कोर्टचं नांगरलेलं शेत झालं. ते गवत काही परत आलं नाही. टूर्नामेंट त्यामुळे बंद पडली."

शहाणा माणूस असता तर इथे माफी मागून खाली बसला असता. मी काय केलं? घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. मी म्हणालो, "काका, तुमचा मान राखून सांगतो, साक्षीदारालाच विचारू." आणि बापूकाकांना फोन लावून, स्पीकर चालू करून तो माईकला टेकवला.

"बापूकाका, तुमच्या फायनलचे अंपायर जोगळेकर इथे समोर बसलेत. म्हणतात बॉल आउट होता."

"कोण, जोगळेकर?" बापूकाकांचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे, तो समोर असताना काय लपवायचं? बॉल आउटच होता."

मी फोन मागे ओढला, पण स्पीकर चालूच होता, माईकनं पुढचंही सगळं पकडलं.

"पण काय करणार? तुझी काकू समोर बसली होती. लग्न ठरायचं होतं. तिच्यासमोर हरायचं कसं? म्हणून बसलो मांडी घालून."

मागून काकूचा आवाज आला, "मी कुठे आले होते? मला ताप होता त्या दिवशी. ती माझी बहीण."

बापूकाका खोकायला लागले.

मी समोर पाहिलं. बहुतेकांना मराठी येत नव्हतं. सगळे उत्सुकतेनं माझ्याकडे बघत होते. ज्यांना कळलं होतं ते जोगळेकर काका जमिनीकडे बघून गालात हसत होते, बोलत मात्र नव्हते. देव आहे, असं मला वाटलं.

शैलजा मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाले अंकल?"

मी घसा साफ केला. "ते म्हणतात की त्यांना अजूनही शंका आहे, पण खिलाडूवृत्तीनं त्यांनी अंपायरना केव्हाच क्षमा केली आहे."

मॅडम उठल्या, माझ्या हातातला फोन त्यांनी अलगद काढून घेतला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "इनामदार, माझं माहेर बेळगावचं. तुम्ही बसा, भाषांतर मी करते."

त्यांनी केलं. ताप, बहीण, मांडी, काही गाळलं नाही. लोक हसून खुर्च्यांवरून घसरले. एवढ्यात फोनमधून बापूकाका बोलले. फोन कोणी बंदच केला नव्हता. "बाई, इंग्रजी कळतं मला, तुम्ही सांगताय ते बरोबर. आमच्या पोराचं ऐकू नका. लहानपणापासून थापाड्या आहे तो."

मॅडमनी त्याचंही भाषांतर केलं.