सप्तमीची भरती

समुद्राशी माझी ओळख चाळिशीनंतर झाली. माझे बालपण सोलापूरकडे गेले, आणि तिकडे पाणी म्हणजे विहिरीचे. माणिकपूरला घर घेतल्यावरही राजोडीच्या किनाऱ्यावर मी दोन वर्षे नुसता उभा राहत असे. तेथे बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनाच अखेर राहवले नाही. "मास्तर, समोरचं पानी काय बघता? मागचं बघा," त्या म्हणाल्या.

ओहोटीला तेथे वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडतो. उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट पट्टा आहे. भरतीचे पाणी आधी त्या पट्ट्यात शिरते. उंचवट्यावरचा माणूस लाटा लांब आहेत म्हणून निर्धास्त खेळत राहतो आणि त्याची परतीची वाट पाठीमागे बुडत जाते. भरतीची वेळही मावशींनीच शिकवली: तिथीची पाऊणपट करा, तास मिळतो. शाळेत पाठ केलेली पाऊणकी आयुष्यात प्रथमच कामी आली, याचा मला, गणित शिकवणाऱ्याला, फार आनंद झाला.

पुढे पाहुणे आले की त्यांना किनाऱ्यावर नेणे माझ्याकडे आले. वाटेत सांडोरला केळी घ्यावीत, ओल्या वाळूत क्रिकेट खेळावे, शिंपले वेचावेत. पाण्यात कंबरेपुढे जाऊ नये, आणि सांगितलेल्या वेळी उठावे. हे सारे मी इतक्या हळू आवाजात सांगत असे, की बहुतेकांना ती विनंती वाटे.

एका मे महिन्यात पत्नीचे थोरले बंधू सात वर्षांच्या लेकीला घेऊन आले. त्या दिवशी सप्तमी होती. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला पूर्ण भरती आणि तिच्या सहा तास आधी, अकराच्या सुमारास, ओहोटी. साडेबाराला उंचवटा सोडायचा, असे मी निघतानाच सांगितले.

"जावईबापू, तुम्ही आंघोळसुद्धा पंचांग बघून करता का हो?" मेहुणे म्हणाले. पत्नीही हसली.

साडेबाराला मी उंचवट्यावर जाऊन म्हणालो, "दादा, निघू या."

"पाणी कुठंय? अहो, मी दहाव्या वर्षी विहिरीत उड्या मारायचो!"

दहा मिनिटांनी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मागच्या पट्ट्यात कडेलाच गुडघाभर पाणी होते. मेहुणे पाठमोरे बसून लेकीला वाळूचा किल्ला करून देत होते. "बुरूज तरी होऊ द्या," ते म्हणाले.

वडीलधाऱ्या माणसाशी वाद घालणे मला तेव्हाही जमत नव्हते, आजही जमत नाही. मी खाली वाकलो, मुलीला उचलून खांद्यावर बसवले आणि किनाऱ्याकडे चालू लागलो.

"आतोबा, सोडा! माझा किल्ला!" ती माझ्या डोक्यावर मुठी आपटू लागली.

"अहो, ही काय पद्धत?" मेहुणे मागून ओरडत उठले. मी वळलो नाही. पट्ट्याच्या मध्यावर पाणी माझ्या कंबरेला लागले आणि बाजूला ओढू लागले. मी पाय घासत, एकेक पाऊल रोवत पुढे सरकलो. मागचे ओरडणे थांबले होते.

मुलीला किनाऱ्यावर थांबलेल्या पत्नीच्या हाती देऊन मी वळलो. मेहुण्यांच्या छातीला पाणी होते आणि ते तिरपे वाहवत चालले होते. मी पुन्हा कंबरेपर्यंत आत जाऊन हात दिला. त्यांची पकड इतकी घट्ट होती, की मनगटावरचे वळ दोन दिवस राहिले.

ते बराच वेळ वाळूत बसून राहिले. उंचवटा दिसेनासा झाला होता.

"तीनतीनदा विचारत कशाला बसलात?" शेवटी ते म्हणाले. "पहिल्यांदाच उचलायचं होतं पोरीला."

त्यानंतर कितीही मोठा पाहुणा येवो, मी वेळ एकदाच सांगतो. ती झाली की कोणाला न विचारता बरोबरचे सर्वांत लहान मूल कडेवर घेतो आणि चालू लागतो. मोठी माणसे कुरकुरत का होईना, पाठोपाठ येतात.