नदीकडे तोंड करून दिलेली हाक

हे नारायणा, ज्याचे अंथरूणही पाणीच, त्या तुला आधी हात जोडतो. पांझरेच्या काठी देवपुरात बसलेल्या एकवीरामाते, तुझ्या पायरीवर माथा टेकतो. श्रावणात जिला आम्ही वाजतगाजत नदीपर्यंत नेतो, पाण्याच्या हवाली करतो आणि रित्या हातांनी घरी परततो, त्या कानबाईमाउलीलाही नमस्कार. नदीच्या ओटीत घातलेले नदी सांभाळते, अशी आमची श्रद्धा. पण नदीला कोण सांभाळते? तिचा काठ कोणाच्या ओटीत आहे? हा प्रश्न ज्याने पोटचा मुलगा गमावून विचारला, त्या जीवराम पाटकऱ्याचे नाव आता घेतो. देवा, ते नीट उच्चारण्याचे बळ या जिभेला दे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पांझरेत जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या कुशीतून पाट निघतो, काठाकाठाने अर्धा कोस धावतो आणि मग फडांत शिरतो. फड म्हणजे एकट्याचे शेत नव्हे. या फडात गहू ठरला तर सगळ्यांचा गहू, त्या फडात ऊस ठरला तर सगळ्यांचा ऊस. पाणी कधी सोडायचे, कोणत्या फडाला आधी, हे पंच बसून ठरवतात, आणि ठरलेले पाणी शेवटच्या सरीपर्यंत नेऊन पोचवतो तो पाटकरी. जीवरामआबांच्या घरी हे काम तीन पिढ्यांचे. आबांच्या वावराला पाणी सगळ्यांच्या शेवटी मिळे. आधी आपले भिजवणारा पाटकरी या गावाने पाहिला नव्हता.

पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी, बंधाऱ्याच्या मोरीची फळी उचलण्याआधी पाटकऱ्याने हाक द्यायची, अशी रीत. कोणी पाटातला गाळ काढत असेल, कोणी म्हैस धूत असेल, कोणी माउली लुगडे पिळत असेल, त्या सगळ्यांनी बाहेर निघावे. आबा बंधाऱ्याच्या टोकावर उभे राहत, फडांकडे तोंड करीत आणि पोटातून आवाज काढीत, “पानी उनं रे होऽऽ! पाटमा कोनी उतरू नका होऽऽ!” तीन वेळा. त्यांचे वडील तसेच उभे राहत, आजोबाही तसेच. तोंड फडांकडे, पाठ नदीकडे. पाठीमागे हाक द्यावी असे नदीच्या पात्रात कधी कोणी नव्हतेच.

मग धुळे वाढू लागले. देवपुरात घरांवर घरे उभी राहू लागली, त्या घरांना रेती हवी झाली आणि पात्रात ट्रक उतरले. आबांचा एकुलता मुलगा हिलाल, चोविशीचा, लग्नाला दोन वर्षे झालेला, रेती भरायला जाऊ लागला. पहिल्याच दिवशी भाकरी खाताना घरात भांडण पेटले.

“आबा, तुम्ही जलमभर लोकेसले पानी दिधं. आपला वावरले काय भेटनं? उरेल गाळ!” हिलाल म्हणाला.

“आनि तू नदीनी आतडी काढी इकस, त्याले काय म्हनू?”

“नदी तुम्हनी शे का?”

“नही. तुनीबी नही शे.”

“दोन्ही जन आधी भाकर खाई ल्या,” आबांची घरधनीण भिकुबाई चुलीपुढून म्हणाली. “नदी काय पयी जाई ऱ्हायनी का?”

त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच ओसरीवर समोरासमोर बसत, आणि बोलणे मात्र भिकुबाईच्या मार्फत. “माय, आबासले ईचार, फावडं कोठे शे?” “त्याले सांग, त्याना डोयासमोर शे.” सासऱ्यापुढे न बोलणारी सून कमलबाई पदराआड हसे. भिकुबाई वैतागे, पण निरोप चुकवीत नसे. कोणत्या दिवशी कोणत्या फडाची पाळी, हे लेकाला कळे. रेती आज कुठे भरणार, हे बापाला कळे. दोन माणसांच्या मध्ये एक जीभ होती, आणि तेवढ्यावर घर चालले होते.

एकोणीसशे नव्वदच्या जानेवारीत भिकुबाई आजारी बहिणीला पाहायला धरणगावला गेली, आणि घरातले निरोप थांबले.

आता पुढचे सांगतो. बंधाऱ्याच्या खाली पांझरेवरच्या पुलाजवळ रेती इतकी उपसली गेली होती की पुलाचे पाय उघडे पडले. पुलाच्या खात्याने मनाईचे खांब रोवले आणि तिथला उपसा बंद केला. योग्य केले. ठेका देणाऱ्यांनी पुलाची जागा ठेक्यातून वगळली. योग्य केले. ठेकेदाराने मजुरांना बंधाऱ्याच्या बाजूला वर सरकवले. तिथे मनाईचा खांब नव्हता, म्हणून त्याच्या कागदाप्रमाणे त्यानेही योग्यच केले. आणि गहू ओंबीवर आला म्हणून आमच्या पंचांनी त्या फडाची पाळी दोन दिवस अलीकडे ओढली. तेही योग्य. चार जागी चार योग्य गोष्टी झाल्या, मायबापहो, आणि एकाने दुसऱ्याला विचारले नाही. मजुरांनी पाटाखालचा काठ आतून पोखरला. वरून वाहणारा पाट आणि खालचा खड्डा यांच्यामध्ये दोन-तीन हात माती उरली. तिच्या खाली हिलाल उभा होता.

त्या सकाळी सूर्य हातभर वर आला होता. आबांनी फडांकडे तोंड करून तीन हाका दिल्या, फळी उचलली आणि फावडे खांद्यावर टाकून पाण्याच्या तोंडाबरोबर काठाने चालू लागले. करंजाच्या झाडाशी पाणी थबकले, गरगरले आणि पाटाच्या तळातल्या भेगेत उतरू लागले. खेकड्याचे बीळ असावे, असे आबांना वाटले. अशी बिळे त्यांनी आयुष्यात हजार बुजवली असतील. त्यांनी गवताचा बोळा कोंबला, वर चिखल ओढला आणि पाटकरी नेहमी करतो तेच केले. दोन्ही पायांनी, अंगाचा सगळा भार देऊन, ती जागा तुडवली.

काठ खाली बसला. करंजासकट, पाटासकट, आबांसकट.

आबा कमरेपर्यंत गाडले गेले. वरून पाणी कोसळत होते. पाट फुटला, एवढेच त्यांना कळले, आणि ते फडांकडे ओरडत राहिले, “फळी टाका! पानी बंद करा!” समोर पात्रात सातपुड्याच्या पायथ्याचा मजूर उखा छाती बडवीत ओरडत होता, “आबा, हिलाल खाले शे! तुम्हना खाले शे!”

काढायला दीड तास लागला. फडातली सगळी माणसे धावली. ज्या फावड्यांनी पाणी वळवायचे, त्याच फावड्यांनी माती उपसली. शेवटी आबांनी फावडे टाकले आणि हातांनी उकरू लागले. फावड्याचे पाते लेकाला लागेल, अशी त्यांना भीती वाटत होती. त्या भीतीची गरज उरलेली नव्हती. भिकुबाई धरणगावहून आली ती दारातच बसली, आणि आत कमलबाईपर्यंत जायला तिला संध्याकाळ झाली.

तेराव्यानंतर उखा ओसरीवर आला. खाली मान घालून म्हणाला, “आबा, हाक ऐकू उनी व्हती. हिलाल हसना. म्हने, मना बाप शे. वावरवालासले सांगी ऱ्हायना.”

आबा उठले, बंधाऱ्यावर गेले आणि पहिल्यांदा नदीकडे तोंड करून उभे राहिले. हाक नव्हती, नुसते उभे होते. लोकांनी हाताला धरून घरी आणले.

पुढची तीन वर्षे हा माणूस धुळ्याच्या कचेऱ्यांत फिरला. भरपाईचा कागद पुढे आला तर तो बाजूला सारी आणि एकच गोष्ट मागे. पाणी सोडण्याआधी खणणाऱ्याला कळावे, खणण्याआधी फडाला कळावे, आणि ज्यांचा ज्यांचा नदीशी संबंध, त्यांनी वर्षातून दोनदा काठावर एकत्र बसावे.

एका टेबलावर उत्तर मिळाले, “बाबा, वाळू आमच्याकडे. पाणी आमच्याकडे नाही.”

दुसऱ्या टेबलावर, “पाणी आमच्याकडे. पण तुमचा पाट जुना, तो फडाचा. आमच्या नकाशात नाही.”

तिसऱ्यावर, “आम्ही फक्त पूल बघतो.”

“मग काठ कोनाकडे शे, साहेब?”

तिथल्या कारकुनाने पेन खाली ठेवले. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “काठ तसा कोणाकडेच नसतो, बाबा.”

आबा हे उत्तर घेऊन चालत घरी आले. सातबाऱ्यावर वावर असते, नकाशावर गावठाण असते, स्मशानही असते. ज्या मातीच्या आधाराने हे सगळे उभे, ती माती कोणाची नाही. देहाला कान आहेत, डोळे आहेत, हात आहेत, पण त्यांना एकत्र बांधणारा प्राण निघून गेला तर त्या देहाला आपण काय म्हणतो, हे मी तुम्हांला सांगायला नको.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात एका तरुण अधिकाऱ्याच्या मनात देव जागा झाला. त्याने रेतीवाले, पाणीवाले, पूलवाले, ठेकेदार आणि फडाचे पंच अशा सगळ्यांना काठ खचला त्या जागी आणून जमिनीवर बसवले. पंचांतले वयोवृद्ध तोतारामनाना उठले. “साहेब, आमना फडमा एक सरी फुटनी तर बारा जन धावतस. तुम्हनी एवढी नदी फुटनी आनि तीन वरीसमा एक जीप उनी!” लोक हसले, अधिकारीही हसला. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, “मी तुडवं. मना पायखाल मना आंडोर, मना हिलाल व्हता. तुम्ही बठ्ठा साहेब लोके, वर उभा शेतस. तुम्हना पायखाल कोन शे, ते एकदाव देखी ल्या.”

त्या दिवशी काठाने चुना फासलेले दगड रोवले गेले. दगडांच्या आत खणायचे नाही. पाळी ठरली की ठेकेदाराला निरोप, खणायची जागा बदलली की पंचांना निरोप. दोन हिवाळे हे चालले. मग अधिकाऱ्याची बदली झाली. ठेका दुसऱ्याकडे गेला, आणि नव्या ठेकेदाराला निरोपाची गोष्ट कोणी सांगितली नाही. पंच्याण्णवच्या पावसाळ्यानंतर आबा काठाने गेले, तर चुन्याचे दगडही रेतीबरोबर ट्रकात भरले गेले होते. अकरा होते, एकही उरला नव्हता.

तेव्हापासून त्यांनी कचेरी सोडली आणि रीत बदलली. पाळीच्या दिवशी आधी नदीकडे तोंड. हाक द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर आले नाही तर स्वतः पात्रात उतरून काठाखाली वाकून पाहायचे, मगच फळी. यात तासभर जाई. पाटाच्या शेपटाकडच्या वावरांना पाणी उशिरा पोचे आणि लोक कुरकुरत, “आबा, नदीमा कोनी नही शे!” आबा म्हणत, “मालेबी तसंच वाटनं व्हतं.”

शहाण्णवच्या माघात त्यांचा घसा गेला. आवाज फुटेना. त्या सकाळी ते फावडे टेकून बंधाऱ्यावर चढले, तर मागून कमलबाई आली. सहा वर्षांत ती या बाजूला फिरकली नव्हती.

“आबा, आज हाक मी दिसू.”

तोतारामनाना तिथेच होते. “बाई हाक देस का कधी फडमा?”

“नाना, फडकडे तुम्ही द्या,” ती म्हणाली. “नदीकडे मी देस.”

ती काठाच्या टोकाला गेली. खालचा खचलेला भाग तिने पाहिला. डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि आवाज दिला, “नदीमा कोन शे होऽऽ? पानी सुटी ऱ्हायनं! काठखालथून बाहेर या होऽऽ!”

ती खाली वाकली, कान दिला. मग खालून, अगदी पायांखालून वाटावे असा आवाज आला, “उनूत व बहिनी, उनूत!” काठाच्या पोटातून चार माणसे वाकून बाहेर आली. सगळ्यांत शेवटी उखा. चेहऱ्यावर मातीच माती.

“बठ्ठा उनात का? मांगे कोनी ऱ्हायनं नही ना?” तिने विचारले.

“बठ्ठा.”

“आखो एकदाव देखा.”

उखा मागे वळला, वाकला, आत पाहिले आणि हात वर केला. तेव्हा जीवरामआबांनी फळी उचलली. पाणी पाटात शिरले. खचून पुन्हा बांधलेल्या जागेपाशी ते झिरपले, काठाचा एक तुकडा धप्पकन खाली रिकाम्या खड्ड्यात पडला. कमलबाई तिथून हलली नाही. शेवटच्या सरीला पाणी लागल्याची हाक फडातून येईपर्यंत उभी राहिली.

काठाला अजून मालक नाही. ट्रक उतरतात. दगड परत रोवलेले नाहीत. पण पाळीच्या दिवशी एक बाई नदीकडे तोंड करून हाक देते, आणि उत्तर आल्याशिवाय आमच्या गावात पाणी सुटत नाही.

हे जळशायी देवा, हे काठवासिनी माते, या घराकडे पाहा. जीवरामाच्या पायांना आता शांती दे. त्या सकाळची माती त्यांच्या तळव्यांवरून तूच धुऊन टाक. भिकुबाईच्या ओसरीवर पुन्हा कधी कोणाचा निरोप अडून राहू नये. कमलबाईच्या गळ्यात तुझे बळ राहो, आणि तिने दिलेल्या प्रत्येक हाकेला खालून जिवंत माणसाचे उत्तर येवो. हिलाल तुझ्या कुशीत आहे. त्याला सांग, बापाची हाक आता नदीकडेही येते. या घरातल्या चुलीला धूर, रांजणाला पाणी आणि दाराला माणूस कधी कमी पडू देऊ नकोस.