बुरुजावरची दोन नावं

भावजी,

तुम्ही माझे धाकटे दीर, जन्मभर गवंडीकाम केलेले. हे तोंडावर न सांगता लिहिते आहे, कारण कागदाला मध्येच "पुरे, वहिनी" म्हणता येत नाही.

आपल्या गल्लीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांचे ओटे तुमच्या हातचे. माझा तर दोनदा घातलात. पहिल्यांदा पाणी उलट्या दिशेला वाहिलं, म्हणून स्वतःच फोडलात. मी म्हटलं, "राहू द्या, फडक्याने पुसेन."

"तुम्ही पुसाल हो. पण तुमच्याकडे जेवायला बसलो की मला घास उतरायचा नाही."

असा माणूस तरुणपणी नदीकाठच्या पडक्या किल्ल्यावर दुरुस्तीला गेला. चुन्याचं काम सावकाशीचं आणि ठेकेदाराला घाई. तो म्हणाला सिमेंट थापा, तुम्ही थापलंत. बुरूज कसा गुळगुळीत झाला. खूश होऊन तुम्ही ओल्या सिमेंटवर खिळ्याने आपलं नाव कोरलंत, खाली बायकोचं. तेव्हा सगळ्यांनाच त्याचं अप्रूप वाटलं होतं. मलासुद्धा.

गेल्या महिन्यात तुमचे नवे जावई आले. लेकीला सुट्टी नव्हती, म्हणून तुम्ही, जाऊबाई आणि मी त्यांना किल्ला दाखवायला नेलं. वाटभर तुम्ही गप्प. मला वाटलं, चढ लागतोय. बुरुजाशी काही मंडळी फोटो काढत होती. करड्या गिलाव्याला भेगा पडलेल्या, सिमेंटने ओल कोंडल्यामुळे कडेचा जुना दगड पोपडे धरून सुटत चाललेला. फोटो काढणाऱ्यांतली एक बाई म्हणाली, "हा बाथरूमचा बुरूज. नळ तेवढा बसवायचा राहिला."

सगळे हसले, जावईसुद्धा. मग जावई जवळ गेले. "मामा, हे तर तुमचं नाव."

"असेल कुणी दुसरा," तुम्ही म्हणालात. "या नावाचे पैशाला पासरी मिळतील."

जावयांनी खालची ओळ वाचली. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. मग ते नदीकडे वळून म्हणाले, "पाणी यंदा बरंच आहे, नाही?" मुलगा गुणी आहे. पण हसला असता, भांडला असता, तरी परवडलं असतं. एरवी माझ्या तोंडाला कुणी आवर घालू शकत नाही, पण त्या दिवशी मीही पाणीच बघत राहिले. उतरताना जाऊबाईंनी माझा हात धरला, तुमचा नाही.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडी पिशवीत घालून तुम्ही माझ्या दारात. "वहिनी, तिथल्या पहारेकऱ्याला तुमच्या गप्पांत गुंतवा. तोवर मी नाव उडवतो."

"दोन्ही?"

"माझंच. तिचं कसं उडवू? आधीच कालपासून बोलत नाहीये."

"म्हणजे बुरूज तिने बिघडवला, असं दिसेल."

तुम्ही पायरीवर बसलात. म्हणालात, "मग जावयांना सांगावंच लागेल," आणि माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मीच सांगणार.

"मी नाही सांगणार. सोबत येईन फार तर."

रविवारी त्यांच्या घरी जायचं ठरलं. रविवारी तुमची कंबर धरली. पुढच्या रविवारी आपण स्टॉपपर्यंत गेलो. बस आली. तुम्ही म्हणालात, "फार गर्दी आहे, वहिनी."

आत चार माणसं होती, भावजी. मीही तुमच्यामागे वळले. आपण घरी परतलो, आणि अजून गेलेलो नाही.